‘तीन आठवड्यांत मॉनिटर पुन्हा बंद’: ताईंच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला, सोबतचे चारही फोटो मोठे करून पाहिले. तुमची तक्रार अशी आहे: मुलाचा जुना १९ इंची मॉनिटर सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घ्यायचा, पुढचा दिवा नुसता लुकलुकत राहायचा. एका मेकॅनिकने अख्खा बोर्ड बदलायचे १८०० रुपये सांगितले. मग तुम्ही स्वतःच तो उघडलात, फुगलेले तीन कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा एकसारखा ठेवणारे छोट्या डब्यांसारखे भाग) हेरलेत आणि पुण्यात तापकीर गल्लीत येऊन आमच्याकडून तसेच तीन नेलेत. मॉनिटर बावीस दिवस चालला आणि परत तेच. बदलून मागायला आलात तर काउंटरवरच्या मुलाने ‘सुटा माल परत घेत नाही’ एवढंच सांगून वाटेला लावलं. शेवटी तुम्ही लिहिलंय की हे दुकान डुप्लिकेट माल विकतं, आणि घरी असले उद्योग कुणी करू नयेत.

ताई, माल डुप्लिकेट नव्हता. पण तो त्या जागेचा नव्हता, आणि तुमच्या हातात देणारा मीच होतो. तुम्ही ‘१००० एमएफडी (म्हणजे मायक्रोफॅरड, साठवणुकीचं माप), २५ व्होल्ट’ म्हणालात, मी खण उघडला आणि तीन मोजून दिले. ‘कशात लावायचेत?’ एवढं विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. संध्याकाळची गर्दी होती, पण ते कारण मी पुढे करणार नाही.

त्या खणात ८५ अंशांचे, म्हणजे ८५ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसणारे, साधे कपॅसिटर असतात. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या जुन्या ॲम्प्लिफायरला, एलिमिनेटरला ते वर्षानुवर्षं चालतात, कारण तिथे कपॅसिटरला सेकंदाला शंभर वेळा भरायचं आणि रिकामं व्हायचं असतं. मॉनिटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वेगाने चालू-बंद होत वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, हेच काम सेकंदाला हजारो वेळा चालतं. त्यासाठी लो ईएसआर, १०५ अंशांचा कपॅसिटर लागतो. ईएसआर म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध. चांगल्या लो ईएसआर मालात तो ओहमच्या काही शतांशांइतका असतो. साध्या मालात जास्त असतो, त्यामुळे आत उष्णता तयार होते, त्यात शेजारी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा) तापलेली. कपॅसिटरच्या आतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, सुकत जातो, वायू साठतो, डोकं फुगतं. दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे त्याच जागी, त्याच उष्णतेत १०५ अंशांचा माल ८५ अंशांच्या मालाच्या साधारण चौपट टिकतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत नव्यापैकी एकाचं डोकं स्पष्ट उचललेलं दिसतंय. म्हणजे बावीस दिवसांत जे झालं त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

उलट तुमचं निदान अचूक होतं, हे इथे सगळ्यांसमोर सांगावंसं वाटतं. दहा मिनिटांनी मॉनिटर का सुरू व्हायचा? सुकलेला कपॅसिटर जरा गरम झाला की त्याचा रोध थोडा उतरतो, मग सप्लाय कसाबसा उभा राहतो. हे लक्षण ओळखायला नवख्या मेकॅनिकलाही वेळ लागतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत गेले आणि लाखो यंत्रं अशीच बंद पडली. त्यातल्या कितीतरी मॉनिटरांचं पॅनल उत्तम होतं, तरी ती भंगारात गेली. म्हणून तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही. घरी असले उद्योग जरूर करावेत. माल विकणाऱ्याने आपलं काम नीट केलं पाहिजे.

दोन गोष्टी मात्र फोटो पाहून काळजीने लिहितो.

पहिली, तुम्ही लिहिलंय की घरातली वीज जिथे येते तिथला मोठा कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला, म्हणजे त्याचे दोन पाय थेट जोडले, आणि ठिणगी उडाली. ताई, हे पुन्हा करू नका. घरातले २३० व्होल्ट डीसी झाले की त्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. शॉर्ट केल्याने ट्रॅक जळतो, धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना इन्सुलेशन असलेल्या वायरी लावा आणि प्लग काढलेला असताना त्यांची टोकं त्या कपॅसिटरच्या दोन पायांना दहा सेकंद टेकवून ठेवा. नंतर मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून मोजा, आकडा शून्याच्या जवळ आला की मगच बोर्डाला हात लावा. असा रेझिस्टर वायरींसकट जोडून आम्ही तुमच्यासाठी काढून ठेवलाय.

दुसरी, एका पायाखालचं पॅड, म्हणजे पाय जिथे सोल्डर होतो ती बोर्डावरची तांब्याची टिकली, उखडलंय. याचाही अर्धा दोष आमच्याकडे येतो, कारण २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न तुम्ही त्याच बिलात नेली आहे आणि या कामाला ती कमी पडते. कारखान्यातून आलेल्या बोर्डावर बहुधा शिसं नसलेलं सोल्डर असतं. ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं, आपलं ६०/४० (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) मात्र १९० च्या आसपास. त्यात ग्राउंडचा पाय तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला, सगळी उष्णता तो पट्टा पिऊन टाकतो. अशा वेळी आधी जुन्या टाक्यावर थोडं आपलं सोल्डर मिसळायचं, दोन्ही मिळून सैल झालं की सकरने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने) ओढायचं आणि मगच पाय हलवायचा. जोर लावला की पॅड पायासोबत वर येतं. घाबरू नका, ट्रॅकच्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेच्या, पुढच्या टाक्यापर्यंत वायरचा तुकडा जोडला (जंपर टाकला) की काम होतं.

आणखी एक जागा बघायची राहिली आहे. सप्लाय चालवणाऱ्या चिपच्या जवळ २२ किंवा ४७ एमएफडी, ५० व्होल्टचा एक बारका कपॅसिटर असतो. तो फुगत नाही, आतल्या आत सुकतो, म्हणून नजरेतून सुटतो. तुमच्या फोटोत तो जुनाच दिसतोय. तोही बदलूया.

काउंटरवरच्या मुलाशी बोललो. सुटा माल परत न घेण्याचा नियम दुकानाचा आहे, त्याने तोच सांगितला. पण तुमचं म्हणणं ऐकून न घेता पाठवलं, हे चुकलं, त्याबद्दल माफ करा. नियमही बदललाय: आम्ही चुकीचा माल दिला असेल तर लावलेलाही परत घेऊ. एसएमपीएसचे कपॅसिटर आता वेगळ्या खणात ठेवलेत आणि ‘कशात लावायचेत?’ ही चिठ्ठी काउंटरवर आतल्या बाजूने, आम्हाला दिसेल अशी चिकटवली आहे.

तुमचे पैसे परत मिळतील आणि १०५ अंशांचे लो ईएसआर कपॅसिटर आमच्याकडून. ते जुन्यापेक्षा थोडे उंच असतात, वरच्या पत्र्याला लागणार असतील तर आडवे बसवू. येताना अख्खा मॉनिटर उचलून आणू नका, फक्त पॉवर बोर्ड आणि काढलेले जुने तीन कपॅसिटर आणा. कनेक्टर काढण्याआधी फोटो काढून ठेवा. दुपारी एक ते तीन गर्दी कमी असते. ईएसआर मीटरवर प्रत्येक कपॅसिटर तुमच्यासमोर मोजू, आणि सोल्डरिंग तुम्हाला स्वतः करायचं असेल तर ६० वॅटची स्टेशन आयर्न टेबलावर तयार ठेवतो.