पंचावन्न साली

मंगळवारी रात्री कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायला मला अकरा वाजतात. बायको म्हणते, आळस. खरं कारण शेजारचे आजोबा. ते साडेनऊला झोपतात. त्याआधी कोणी त्यांच्या तावडीत सापडला की डबा राहतो बाजूला, आणि आपण थेट पंचावन्न सालात.

आजोबा आता ऐंशीचे, म्हणजे तेव्हा दहा वर्षांचे. त्यांच्या मते अमेरिका १९५५ सालीच बांधून पूर्ण झाली होती, पुढे झाली ती नुसती नासधूस. "हॅम्बर्गर पंधरा सेंटला मिळायचा!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की मनात आपोआप हिशेब सुरू होतो. डॉलरला तेव्हा पावणेपाच रुपये, म्हणजे पंधरा सेंटचे साधारण साडेअकरा आणे. माणूस न्यू जर्सीत कितीही मुरला तरी ही गुणाकाराची खोड जात नाही. बरं, मी शाकाहारी. तो हॅम्बर्गर फुकट वाटला असता तरी मला काय त्याचं? आणि दहाव्या वर्षी स्वस्ताई मलाही होती. पैसे बाबा द्यायचे.

आजोबा वाढले न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये. १९४७ पासून तिथे बटाट्याच्या शेतांवर एकासारखं एक घर उभं राहत गेलं. कामगारांच्या टोळ्या घरामागून घर करत पुढे सरकायच्या. लाल रंगवाला फक्त लाल लावणार, पांढरावाला फक्त पांढरा. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला सरकारी हमीवर कर्ज मिळायचं, सुरुवातीला खिशातून दमडी काढायला लागायची नाही. १९४९ साली घराची किंमत ७,९९० डॉलर. हा आकडा आजोबा एकेक अंक सुटा करून, चवीने सांगतात. त्याहून जास्त मी दर वर्षी नुसता प्रॉपर्टी टॅक्स भरतो. माझे डोळे भरून येतात. आजोबांना वाटतं, मी त्यांच्या आठवणींनी गहिवरलो.

आजी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि बऱ्याच शुद्धीवर आहेत. "दूधवाला दारात काचेच्या बाटल्या ठेवून जायचा," असं आजोबांनी म्हटलं की त्या विचारतात, "आणि रिकाम्या धुवून कोण ठेवायचं?" अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली डोकं घालून बसायची तालीम शाळेत व्हायची, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बॉम्ब विरुद्ध बाक या सामन्यात बाक जिंकेल अशी सरकारची खात्री दिसते. पोलिओच्या धास्तीने उन्हाळ्यात पोहायचे तलाव बंद व्हायचे, तेही त्यांनीच सांगितलं. "पण साल्कची लस कधी आली?" आजोबा गरजले. "एप्रिल पंचावन्न!" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आजींचाही एक हळवा कोपरा आहे. दुर्दैवाने तो खाण्याचा आहे. त्यांचा टोस्टरसुद्धा त्या काळचा. दुकानात खरेदीवर हिरवी तिकिटं मिळायची, ती जिभेने ओली करून वह्यांत चिकटवायची आणि भरलेल्या वह्यांवर वस्तू आणायची. आजींच्या आईने असा चाटून चाटून मिळवलेला टोस्टर अजून पाव भाजतो. त्याच प्रेमाने आजींनी आम्हाला 'तेव्हाचं जेवण' जेवायला बोलावलं.

अशा आमंत्रणांवर माझ्याकडे एक उतारा आहे: "आज माझी संकष्टी." ती महिन्यातून एकदाच येते हे इथे कोणाला ठाऊक? पण आजोबांच्या नातीने फोनवर पंचांग शोधून दिलं होतं आणि नेमकी त्या दिवशी खरोखरच संकष्टी निघाली. "चंद्रोदय नऊ सव्वीसला आहे," आजोबा म्हणाले. "आम्ही थांबतो." जागरणासाठी ते दुपारी झोपले होते.

टेबलावर कप्पे असलेल्या ॲल्युमिनियमच्या थाळ्या. स्वॉन्सनचं टीव्ही डिनर १९५४ साली अठ्ठ्याण्णव सेंटला मिळायचं: टर्की, मटार, रताळं, सगळं गोठवलेलं, भट्टीत गरम करून टीव्हीसमोर बसून खायचं. माझ्या थाळीत टर्कीच्या जागीही मटारच होते. हे निभावलं असतं. पण मधोमध आजींनी साचा उलटा केला, थप्प आवाज झाला आणि हिरवीगार जेल-ओ, म्हणजे जिलेटिनची जेली, बाहेर आली. लिंबाच्या स्वादाची, गोड. तिच्या पोटात किसलेलं गाजर, सेलरी आणि ऑलिव्ह, डोक्यावर मेयॉनीज. हे गोडाचं नव्हे, ही कोशिंबीर! आजोबांनी टेबलावर हात आपटून "पंचावन्न" म्हटलं की ती थरथरायची आणि आतलं एक ऑलिव्ह माझ्याकडे बघायचं.

"जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात," मी नम्रपणे म्हटलं.

"छे, नुसत्या भाज्या आहेत," आजी म्हणाल्या. "बघ ना, दिसताहेत."

चंद्राला अवकाश होता. वेळ काढायला मी विचारलं, "पंचावन्न साली मी तुमच्या शेजारी राहायला आलो असतो तर?" लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारात कलम होतं: घरात गोऱ्यांखेरीज कोणी राहायचं नाही, नोकर चालतील. शिवाय १९४६ पासून १९६५ पर्यंत अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांचा कोटा वर्षाला जेमतेम शंभर. तेवढी माणसं आमच्या मंडळाच्या गणपतीला नुसतं पार्किंग शोधत फिरत असतात.

आजींनी आजोबांकडे पाहिलं. ते बराच वेळ मटार इकडून तिकडे करत राहिले.

"घेतलं नसतं तुला," ते म्हणाले. "माझ्या बापाने करारावर सहीसुद्धा तो न वाचताच केली होती." मग त्यांनी पडदा सारून माझ्या अंगणाकडे नजर टाकली. "आणि घेतलं असतं तरी पहिल्या महिन्यातच बोंब झाली असती. तिथे गवत दर आठवड्याला कापायला लागायचं."

"चंद्र आला," आजी म्हणाल्या आणि जेली माझ्याकडे सरकवली.