“चीनमध्ये काचबिंदूच्या पेशंटला काही विचारत नाहीत” म्हणे! आधी ग्वांगझूची ट्रायल तरी बघा

आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आलाय, “चीनने काचबिंदू कसा हरवला”. तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: चिनी पेशंटला निर्णय घ्यायचाच नसतो, तिकडे डॉक्टर आणि घरचे ठरवतात. काचबिंदूत तसंही निवडण्यासारखं काही नसतं. पेशंटला आजार नीट सांगितला की तो घाबरून उपचार सोडतो. एवढ्या गर्दीत विचारत बसायला वेळ कुणाला आहे. आणि सगळ्यात शेवटी, टाकळ्याच्या बियांचा चहा घ्या आणि ड्रॉप्स हळूहळू बंद करा.

नाशिकच्या माझ्या आत्याला नुकतंच सांगितलंय की डोळ्यांचे अँगल बारीक आहेत, लेझर करावं लागेल बहुतेक. तिने डॉक्टरांना विचारायला प्रश्न लिहून ठेवले होते. आतेभावाने हा मेसेज वाचला आणि तिला म्हणाला, आई तू फार विचारू नकोस, ते सांगतील ते करायचं, चीनमध्ये बघ कसं करतात. म्हणून हे लिहितेय, आणि हो, चिडूनच लिहितेय.

पहिलं म्हणजे चीनने काचबिंदू हरवलेला वगैरे नाहीये. २००१ साली फॉस्टर आणि जॉन्सन यांनी अंदाज मांडला होता की चीनमध्ये चाळिशीपुढच्या साधारण ९४ लाख लोकांना काचबिंदू आहे आणि त्यातल्या १७ लाखांचे दोन्ही डोळे गेलेत, बहुतेकांचे अँगल बंद होणाऱ्या प्रकारामुळे. आकडे जुने आहेत, पण हा प्रकार तिकडे जास्त दिसतो हे आजही खरंय, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही.

आता “निवडण्यासारखं काही नसतंच” हे वाक्य. मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं हेच आहे, आणि ते खोटं ठरवणारा पुरावा चीनमधूनच आलाय. डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून ते बाहेर जातं, त्या कोपऱ्यालाच अँगल म्हणतात. तो बारीक असला तर पुढेमागे बंद होऊन डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो, म्हणून लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीकसं भोक पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. कित्येक वर्षं डॉक्टर धरून चालायचे की अँगल बारीक दिसला की लेझर करून टाकावं. ग्वांगझूच्या झोंगशान नेत्र केंद्राने हे तपासायचं ठरवलं. ५० ते ७० वयाचे ८८९ लोक घेतले, सगळ्यांचे दोन्ही डोळे बारीक अँगलचे पण अजून आजार नाही, आणि प्रत्येकाच्या एकाच डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षं बघितलं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात निकाल आला: लेझर केलेल्या डोळ्यांपैकी १९ मध्ये त्रास पुढे सरकला, न केलेल्यांपैकी ३६ मध्ये.

हे आकडे नीट बघा. धोका जवळपास निम्मा झाला, म्हणजे लेझरचा उपयोग आहे. पण काहीच न केलेल्या डोळ्यांतही शंभरातल्या साधारण ९६ ना सहा वर्षांत काही झालं नाही, आणि ज्यांचं पुढे सरकलं त्यातही अचानक अटॅक येणारे, म्हणजे अँगल एकदम बंद होऊन डोळ्याचं प्रेशर भडकणारे, अगदी मोजके. म्हणून त्या डॉक्टरांनीच लिहिलं की सरसकट सगळ्यांना लेझर करा अशी शिफारस आम्ही करत नाही. पुढे त्याच लोकांना १४ वर्षांपर्यंत बघितलं तेव्हा लेझरचा फायदा जास्त ठळक दिसला. मग सांगा, कुणी करावं? ग्वांगझू शहरात राहणारी बाई, जी दरवर्षी तपासायला जाऊ शकते, ती थांबू शकते. ग्वांग्शीच्या डोंगरातल्या गावात राहणारा माणूस, रात्री अटॅक आला तर मोठ्या हॉस्पिटलात वेळेत पोचणार नाही, त्याने करून घेतलेलं बरं. डायबेटिस आहे, डोळ्यामागचा पडदा (रेटिना) तपासायला बाहुली वारंवार मोठी करावी लागते, त्याचं गणित अजून वेगळं. मशीनला अँगल दिसतो हो, पण तुम्ही कुठे राहता, तपासणीला सोबत कोण येतं, थांबायची भीती जास्त की लेझरची, हे मशीन सांगत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं!

आणि हे फक्त लेझरपुरतं नाही. पन्नाशीपुढच्या, अँगल बंद झालेल्या आणि प्रेशर खूप वाढलेल्या किंवा काचबिंदू झालेल्या लोकांमध्ये मोतीबिंदू नसतानाही लेन्स काढून नवी बसवायची की लेझर आणि ड्रॉप्स, यावर २०१६ मध्ये ‘ईगल’ नावाची ट्रायल आली, ४१९ लोकांची, त्यात चीनचं हॉस्पिटलही होतं. लेन्स काढलेल्यांचं जास्त चांगलं झालं, आणि प्रेशरइतकंच महत्त्व त्यात पेशंटने स्वतः सांगितलेल्या तब्येतीला दिलं होतं. ड्रॉप्सचं म्हणाल तर एकाने डोळे लाल होतात नि पापण्यांभोवतीची कातडी काळवंडते, दुसरा दम्याच्या माणसाला चालतच नाही, आणि हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला रोज थेंब कोण घालणार? मोठं ऑपरेशन केलं तर पहिले काही आठवडे हॉस्पिटलच्या खेपा. याला निवड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? फक्त एक मान्य, अटॅक आलाय, डोळा लाल, डोकं फुटतंय, उलट्या होतायत, तेव्हा चर्चा करत बसायचं नाही, प्रेशर उतरवायचं. बाकी वेळी विचारायला वेळ असतो.

पेशंटला सांगू नका, घरच्यांना सांगा, हे तर मला रागच आणतं. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. ड्रॉप्स घालून जास्त दिसायलाही लागत नाही, आहे ती नजर टिकते एवढंच. हे ज्याला कुणी सांगितलेलंच नाही तो एक बाटली संपली की म्हणणार, काही फरक नाही, कशाला पैसे घालवा. उपचार सुटतात ते असे. आणि चीनचा स्वतःचा कायदा काय म्हणतो? १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या त्यांच्या नागरी संहितेचं कलम १२१९ सांगतं की ऑपरेशन किंवा विशेष उपचाराआधी डॉक्टरने धोके आणि दुसरे पर्याय पेशंटला समजावून त्याची स्पष्ट संमती घ्यायची. त्याच्या आधीच्या, २०२० पासूनच्या आरोग्य कायद्यातही आजार, उपचार, धोके आणि खर्च कळण्याचा हक्क लिहिलाय.

बरं, मेसेजमध्ये अर्धं खरं आहे तेही सांगते. त्याच कलमात पुढे आहे की पेशंटला सांगणं शक्य नसेल किंवा योग्य नसेल तर जवळच्या नातेवाईकांना सांगावं, आणि कॅन्सरसारख्या आजारात तिकडचे घरचे लोक याच वाटेने जातात. मुलगा-मुलगी सोबत येणं, मोठ्या डॉक्टरवर सगळं सोडणं हेही तिकडे खूप आहे. आपल्याकडे काय वेगळं आहे? पण सगळं ऐकून घेऊन “डॉक्टर, तुम्हीच ठरवा” म्हणणाऱ्या आजोबांना निदान काय ठरणार आहे ते माहीत असतं. घरच्यांना चर्चेत बसवा की, पण ज्याचा डोळा आहे त्याला दाराबाहेर ठेवून नको.

गर्दीचंही खरंय, चीनच्या मोठ्या हॉस्पिटलांत एकेका पेशंटला मोजकी मिनिटं मिळतात. त्यावर उपाय आहे आणि तो महागही नाही: पर्याय शेजारी शेजारी मांडलेलं पत्रक किंवा छोटा व्हिडिओ, आत जायच्या आधीच हातात द्यायचा, नर्सने शंका घ्यायच्या. अशा साधनांच्या २०० हून जास्त ट्रायल्स कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र बघितल्यात, लोकांना माहिती जास्त कळते आणि साधन आधीच दिलेलं असेल तर डॉक्टरांचा वेळ वाढत नाही.

राहिला टाकळा. बिया चीनमध्ये चहात घालतात, आपल्याकडे पावसाळ्यात भाजी करतात, आवडत असेल तर खुशाल खा. डोळ्याचं प्रेशर त्याने उतरतं असं सिद्ध झालेलं नाही. आत्या तिचे प्रश्न घेऊनच जाणार आहे, आतेभावाशी भांडून झालंय माझं. पण हा मेसेज वाचून तुमच्या घरात कुणी ड्रॉप्स कमी केले असतील तर आज रात्रीपासून पूर्वीसारखे सुरू करा, आणि मध्ये किती दिवस बंद होते ते डॉक्टरांना न लपवता सांगा.