पिवळा बाण आणि आमची पाणंद

गेल्या मे महिन्यात आई पहिल्यांदाच इंग्लंडला आली. पहिल्याच रविवारी तिला घेऊन बोर्टन-ऑन-द-वॉटरला गेलो आणि तिथून लोअर स्लॉटर, अपर स्लॉटर असे निवांत चालत निघालो. कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातली ही अगदी सोपी वाट. जाऊन-येऊन पाच मैल, चढ जवळजवळ नाहीच. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, आपल्या ओढ्याएवढी आय नदी, काठावर जुनी पाणचक्की. इंग्रजीत स्लॉटर म्हणजे कत्तल, पण गावाच्या नावाचा कत्तलीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चिखलाची जागा असा होतो, हे सांगितल्यावर आईला बरं वाटलं.

लोअर स्लॉटर मागे पडल्यावर एक लाकडी फाटक लागतं. किसिंग गेट म्हणतात त्याला. एका वेळी एकच माणूस वळसा घेऊन आत शिरतो, गुरामेंढरांना मात्र त्यातून निसटता येत नाही. पलीकडे कुणाच्या तरी मालकीचं हिरवं रान होतं, मेंढ्या चरत होत्या. आई फाटकातच थांबली.

"कुणाचं रान हाय हे? मधनंच कसं जायचं? कोण बोललं म्हंजे?"

खांबावर तळहाताएवढी गोल चकती होती आणि तिच्यावर पिवळा बाण. त्या बाणाचा अर्थ असा, की रान मालकाचं, पण ही वाट सगळ्यांची. मालकाला विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही, सरळ चालू लागायचं. हे आईला पटायला अपर स्लॉटर यावं लागलं. तोवर ती दर दहा पावलांनी मागे वळून बघत होती.

तिचं मागे वळून बघणं मला नीट समजत होतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओढ्याकाठच्या रानाकडे जाणारी पाणंद माझ्या लहानपणी बैलगाडी जाईल एवढी होती. आता तिच्यातून दुचाकीही धड जात नाही. दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत आत आले, बाभळी माजल्या आणि पावसाळ्यात तर उसाचं वाढं डोक्यावर घेऊन बायका लोकांच्या पिकाच्या कडेनं बोलणी खात जातात. आईनं ती बोलणी पस्तीस वर्षं खाल्ली आहेत.

सध्या महाराष्ट्रात पाणंद रस्त्यांवर पुष्कळ बोललं जातंय. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. शेतरस्ते किमान तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत व्हावी, असं सरकारनं २०२५ मध्ये ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, उसाची वाहतूक यांना रस्ता लागतोच. पण गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची सगळी चर्चा खडी, मुरूम आणि जेसीबी यांच्यापुढे जात नाही. पायी चालणारं माणूस त्या चर्चेत कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी पायवाट वाचवा.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, यावर फोनवर म्हणाला, "आरं, तिकडं शेतकऱ्याकडं शेकड्यानं एकर. हितं दोन एकरांत चौघं भाऊ. गुंठाभर गेला तरी कळ लागती."

दादाचं खोटं नाही. पण वाटेसाठी इंग्लंडचा कायदा किती जागा मागतो, ते ऐका. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते. पहिल्या मशागतीनंतर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते आणि पिकातून किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवावी लागते. बांधाच्या कडेची वाट असेल, तर ती नांगरायचीच नाही. आईला पुढच्या आठवड्यात आमच्या घराजवळच्या एका वाटेनं नेलं. मांडीएवढं उभं बार्लीचं पीक, कणसांना मऊ लांब कुसळं आलेली आणि मधून पट्टी मारून आखावी तशी सरळ वाट. दोन्ही बाजूंची कणसं हाताला लागत होती. आई वाकून वाटेकडे बघत राहिली. वाटेत एकही रोप नव्हतं आणि वाटेबाहेर एकही रोप तुडवलेलं नव्हतं.

आता आपला गाव नकाशा काढून बघा. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. त्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. म्हणजे कागदावर आपली पायवाट इथल्या पिकातल्या वाटेच्या अडीचपट रुंद आहे! अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे, बांधावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. हक्क तर आहेच.

फरक पडतो तो पुढे. आपल्याकडे वाट अडवली, तर ज्याची अडली त्यानं तहसीलदाराकडे जायचं, तेही मामलतदार कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत. दावा कुणावर? बहुतेक वेळा स्वतःच्या भाऊबंदावर. उद्या त्याच्याच घरी लग्नाला जायचं असतं. मग माणूस गप्प बसतो आणि सहा महिने निघून जातात. इथे वाट मोकळी राहते की नाही हे बघणं काउंटी काउन्सिलचं काम आहे. मी फक्त कळवायचं. कितीही वर्षं वाट बंद राहिली, तरी तेवढ्यानं हक्क बुडत नाही.

हे इंग्रजांना आयतं मिळालेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावोगावच्या सामायिक जमिनी कायदे करून कुंपणात घेतल्या गेल्या. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले कामगार तरुण किंडर स्काउट या डोंगराच्या बंदी असलेल्या माळावर शेकड्यांनी चढले, तेव्हा त्यातले काही तुरुंगात गेले. पुढे १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते काम यानंतरचं. गावोगावच्या पॅरिश काउन्सिलांनी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी, आपापल्या हद्दीतल्या वाटा स्वतः चालून नोंदवल्या. कुठे फाटक, कुठे चढून जायच्या पायऱ्या, कुठे साकव. आज इंग्लंड-वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत. सगळं आबादीआबाद नाही. वाटा सोडून मोकळ्या रानात कुठेही फिरायचा हक्क इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे, आणि त्यासाठी लोक अजून भांडताहेत. पण नोंदलेली वाट सहसा कुणी गिळत नाही.

आपल्या ग्रामपंचायतींनी हे का करू नये? पाण्यासाठी शिवारफेऱ्या काढायची सवय आपल्या गावांना झालेली आहे. तशीच एक फेरी वाटांसाठी काढा. उन्हाळ्यात, रानं मोकळी असताना, गाव नकाशाची नक्कल हातात घेऊन. तलाठी असू द्या, शाळेतली पोरं असू द्या, आणि म्हाताऱ्या बायका तर हव्यातच. कोणती वाट कुठून जायची हे डोक्यावर भारे वाहिलेल्या बायकांना जेवढं माहीत, तेवढं कुणालाच नाही.

आई परत गेली. जाताना तिनं त्या पिवळ्या बाणाचा फोटो मागून घेतला आणि दादाला दाखवला. दादानं गाव नकाशाच्या नकलेसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे. दिवाळीत मी जातोय. ओढ्याकडची पाणंद कोणत्या आंब्यापासून वळायची, ते आता फक्त आमच्या थोरल्या आत्याला नक्की सांगता येतं. ती ८१ वर्षांची आहे. तिला चालवेल तेवढी वाट तिच्यासोबत चालायची, पुढची तिला दादाच्या गाडीवर बसवून दाखवायला लावायची, असं ठरलंय.