वायनरीला सोलर ‘चालत नाही’? आकडे मांडून पाहू

द्राक्ष बागायतदार आणि लहान वायनरीवाल्यांत एक मजकूर वरचेवर पुढे ढकलला जातो. आशय असा: रस रात्रंदिवस थंड ठेवावा लागतो आणि ऊन फक्त दिवसा, म्हणून लाखोंच्या बॅटऱ्या हव्यात, पावसाळ्यात पॅनेल निरुपयोगी, वीज गेली की सोलरही बंद, थोडक्यात, पॅनेल म्हणजे पर्यटकांसाठी देखावा. यात थोडे तथ्य आहे, पण ज्या मुद्द्यावर सगळी मदार आहे तोच चुकीचा आहे. त्यावर विसंबून कोणी सोलरचा विचार सोडणार असेल तर नुकसान त्याचेच.

‘रात्रीसाठी बॅटरी लागतेच.’ नाही लागत. रात्रीसाठी वीजच साठवायला हवी असे नाही, थंडावा साठवला तरी भागते. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या रसाची १०,००० लिटरची टाकी घ्या. किण्वनात (यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते तेव्हा) १ अंश ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, उतरला की रस साधारण १.३ अंश सेल्सिअस तापू पाहतो. ऐन भरात दिवसाला २ ब्रिक्स उतरतात असे धरले, तर २४ तासांत सुमारे २८ युनिट उष्णता काढावी लागते. त्यातली संध्याकाळी ५ ते सकाळी ९ या वेळेतली साधारण १९. (ही उष्णतेची युनिटे आहेत, चिलर, म्हणजे थंड करणारे यंत्र, त्याच्या निम्म्याहून कमी वीज खातो.)

आता दिवसा उन्हावर चिलर चालवून तोच रस १३ अंशांवर आणा आणि सकाळपर्यंत १५ वर चढू द्या. या दोन अंशांतच सुमारे २१ युनिट मावतात. म्हणजे टाकी हाच साठा. कंट्रोलरवर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन सेटपॉइंट (ठरवलेली तापमाने) टाकायचे, बस. मात्र फरक याहून जास्त ठेवू नका. रस १२ च्या खाली गेला की यीस्ट मंदावते आणि किण्वन अर्ध्यावर अडकण्याचा धोका वाढतो. पांढऱ्या वाईनचा रस १८ च्या वर गेला की सुगंध उडू लागतो.

दुसरा साठा ग्लायकोलचा, म्हणजे शून्याखालीही न गोठणाऱ्या, टाकीभोवती फिरवायच्या द्रवाचा. ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकोलचे ५,००० लिटर पाणी दुपारी उणे ६ पर्यंत उतरवले आणि रात्रभरात ० वर येऊ दिले, तर सुमारे ३२ युनिट थंडावा मिळतो. याची किंमतही मोजावी लागते: ग्लायकोल जितके थंड, तितकी चिलरची कार्यक्षमता कमी. म्हणून उणे ६ चा हट्ट फक्त हंगामात धरावा. टाकीला आणि पाइपांना पफचे (उष्णतारोधक फोमचे) आवरण नसेल तर मात्र हे सगळे गणित कोलमडते. जॅकेटवर (टाकीभोवतीच्या, ग्लायकोल फिरणाऱ्या कप्प्यावर) दव जमताना दिसले की समजावे, पैसे आधी आवरणावर खर्च करायचे आहेत, पॅनेलवर नंतर.

त्याहूनही स्वस्त उपाय काढणीच्या वेळेत आहे. जानेवारीत पहाटे निफाड-दिंडोरीकडे पारा १० च्या आसपास असतो. पहाटे तोडून सावलीत ठेवलेले क्रेट आणि दुपारी २८ अंशांवर आलेला माल, यांत १५ अंशांचा फरक सहज पडतो. दर १,००० लिटर रसामागे ती साधारण १६ युनिट उष्णता झाली, जी काढावीच लागणार नाही.

‘पावसाळ्यात पॅनेल निरुपयोगी.’ उत्पादन जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यापर्यंत घसरते, हे खरे. पण नाशिकची काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे निरभ्र आकाशाच्या दिवसांत. युरोपात काढणी शरदात, दिवस लहान होत असताना येते. आपल्याकडे दिवस मोठा होत जातो. महाराष्ट्रात पॅनेलच्या दर किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज ४ युनिटांच्या आसपास धरतात. पावसाळ्यात किण्वन नसते, फक्त साठवणीचा थंडावा लागतो. टार्टरेट (वाईनमधले क्षाराचे स्फटिक) तळाशी बसवण्यासाठी वाईन उणे ४ अंशांवर ठेवण्याचे वीजखाऊ काम जूनआधी उरकावे.

बागेशेजारच्या पॅनेलवर धूळ आणि फवारणीचे डाग बसतात. हंगामात दर आठवड्याला, सकाळी पॅनेल गार असताना धुवा. बोअरचे जड पाणी काचेवर पांढरा थर सोडते, तेव्हा शेवटचा हात मऊ (क्षार कमी असलेल्या) पाण्याचा हवा.

‘वीज गेली की सोलरही जाते.’ हा मुद्दा खरा आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइनमनच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. उपाय दोन. जनरेटरसोबत सोलर चालवायचे असेल तर सिंक्रोनायझिंग कंट्रोलर (दोन्हींची वीज जुळवणारे यंत्र) बसवा आणि जनरेटरवर किमान ३० टक्के भार राहील असे पाहा, नाहीतर उलटी वीज जाऊन तो बंद पडतो. किंवा छोटी बॅटरी फक्त ग्लायकोलच्या पंपाला आणि कंट्रोल पॅनेलला द्या. चिलर बंद असला तरी साठवलेले थंड ग्लायकोल जॅकेटमधून फिरत राहते. बॅटरी लागते ती एवढीच.

‘देखावा आहे.’ कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात फार नियेंते वायनरीने २००८ मध्येच सिंचनाच्या तळ्यावर तरंगती पॅनेल बसवली: जमीन वाचते, बाष्पीभवन घटते. आपल्याकडे शेततळी कमी नाहीत. तरीही सोलर बसवले म्हणून वाईन हरित झाली, असे कोणी म्हटले तर तेही मान्य करू नका. वाईनच्या कार्बन हिशेबात काचेच्या बाटलीचा वाटा बहुधा सर्वांत मोठा निघतो. ९०० ग्रॅमची बाटली सोडून ४२० ग्रॅमची घेतली की दर बाटलीमागे जवळपास अर्धा किलो काच वाचते, आणि त्यासाठी यंत्रसामग्रीत मोठा बदल क्वचितच लागतो. बाटल्यांची पुढची ऑर्डर देताना पुरवठादाराकडून वजन लिहून घ्या.