हिशेब विचारणं म्हणजे गर्व नव्हे

सोलापुरातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटांवर माझ्या नावाने एक संदेश फिरतोय : 'नम्र ख्रिस्ती माणूस मंडळीचा हिशेब विचारत नाही.' असं मी कधीच म्हटलेलं नाही. रविवारी मी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायावर बोललो. इतरांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, एवढंच. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, पण चपराक बसली तेव्हा 'मला का मारतोस?' असं तोंडावर विचारलंही. बायबलमधलं योहान 18:23 काढून वाचा. प्रेषित पौलाने तर वर्गणी पोहोचवताना सोबत माणसं घेतली, कुणी बोट ठेवू नये म्हणून. मंडळीत जमणारं अर्पण (दान) दोघांनी मोजावं, वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात, हेच माझं म्हणणं. उपासनेनंतर वही बघायला मागणाऱ्या आजींना कृपा करून कुणी गर्विष्ठ म्हणू नका. तो संदेश पुढे पाठवू नये, ही विनंती.