आठ सेकंदांची बचत

आमचा लॅपटॉप सुरू केला की ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दहा सेकंद विचारत बसायचा, लिनक्स हवं की विंडोज? लिनक्स माझं. विंडोज बायकोचं, कारण ती सोसायटीची खजिनदार आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त तिकडेच चालतं. रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत मला सुचलं, दहाचे दोन सेकंद केले तर? दिवसाला आठ वाचले, म्हणजे वर्षाला जवळपास 49 मिनिटं!

ग्रब ज्यावर चालतो त्या ग्रब डॉट सीएफजी फाइलीच्या डोक्यावरच ‘ही फाइल बदलू नका’ अशी पुणेरी थाटाची पाटी असते. हात लावायचा तो इटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब नावाच्या साध्या फाइलीला. टाइमआउटपुढचे 10 खोडून 2 केले, सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात, मेनू नव्याने बनवणारी अपडेट-ग्रब ही कमांड मारली. भराभर ओळी सरकल्या, शेवटी ‘डन’. मध्ये एक वॉर्निंग होती. पण वॉर्निंग वाचतं कोण?

रीस्टार्ट केलं. मेनूत लिनक्स होतं, खाली त्याचे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स होते. विंडोज गायब.

“झालं का रे? अकराला मीटिंग आहे.”

“दोन मिनिटं!”

सी दाबून ग्रबच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे हाताने कमांड टाइप करायच्या जागी, उतरलो. इथे डिस्क शून्यापासून मोजायची आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, एकपासून. आमच्या बिल्डिंगसारखंच, मजले तळमजल्यापासून, फ्लॅट एक नंबरपासून. कुठल्या पार्टिशनवर शोधायचं ते सांगायला रूट सेट केलं, दुसऱ्या सिस्टिमच्या हाती सूत्रं देणारी चेनलोडर कमांड लिहून विंडोजच्या बूट फाइलचा लांबलचक पत्ता टाइप केला. फाइल सापडत नाही म्हणे. पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. पोहे गार झाले.

पावणेअकराला तिने लॅपटॉप ओढून घेतला, बंद केला, चालू करताना एफ12 दाबलं आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या यादीतून विंडोज निवडलं.

“हे तुला कसं माहीत?”

“तू काही सुधारलंस की मी हेच करते.”

दुपारी ती वॉर्निंग एकदाची वाचली. दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर ग्रब 2.06 पासून सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. मी मागे अपग्रेड केलं होतं, पण मेनू जुनाच चालला होता. मी तो नव्याने बनवला आणि विंडोजची नोंद उडाली. उपाय त्याच फाइलीत होता. ‘डिसेबल ओएस-प्रोबर’ला ‘फॉल्स’ करायचं. म्हणजे ‘नको’ हे खोटं, म्हणजे हवंय. दुसऱ्यांदा पोहे वाढताना पाहुणा म्हणतो ना, तसं. ती ओळ निकामी ठेवणारं पुढचं हॅशचं चिन्ह काढलं, अपडेट-ग्रब चालवलं, विंडोज परत आलं.

एकूण तीन तास गेले. आठ-आठ सेकंदांनी ते वसूल व्हायला पावणेचार वर्षं लागतील.

परवा ती म्हणाली, “दोन सेकंदांत बाण खाली जातच नाही. दर वेळी एफ12 कुठे दाबत बसू? दहा कर.”

दहा केले. यावेळी सगळ्या ओळी वाचल्या.