घरसभा की बाक काढून घेतलेला रविवार?

बुधवारी संध्याकाळी नाशिकच्या सिडकोतल्या एका खोलीत पंचवीस माणसं दाटीवाटीने बसतात. पाळकसाहेब खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर. तीन गाणी, पन्नास मिनिटांचं प्रवचन, साहेबांची लांब प्रार्थना, मग पोहे. याला, म्हणजे चर्चच्या मंडळीच्या घरात भरणाऱ्या छोट्या गटाला, आपण हौसेने 'सेल ग्रुप' म्हणतो. माझ्या मते ही रविवारचीच उपासना आहे, फक्त बाक काढून घेतलेली.

'प्रत्येक जण सेवक', 'एकमेकांची ओझी वाहा', 'दार सर्वांना उघडं' ही मूल्यं फलकावर छान दिसतात. ती खरी आहेत का, हे दोन प्रश्नांत कळतं. मागच्या बैठकीत किती जण बोलले? आणि जो आला नाही, त्याच्या घरी दोन दिवसांत कोण जाऊन आलं?

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14:26 मध्ये, एकत्र जमल्यावर प्रत्येकाकडे काहीतरी असतं असं म्हटलंय: कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिक्षण. पंचवीस जणांत ते जमत नाही. साधा हिशेब करा. सहा माणसांत जोड्या होतात 15, बारांत 66, पंचविसांत 300. तीनशे नाती कोण सांभाळणार? मग दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे 'आमेन' म्हणतात. म्हणून आठ ते बारा मोठी माणसं, पंधरा म्हणजे अगदी शेवट.

वेळ दीड तास. पंधरा मिनिटं ख्यालीखुशाली, पंधरा गाणी, चाळीस वचनावर, म्हणजे बायबलच्या उताऱ्यावर, बोलणं, वीस प्रार्थना. वचनाला नवा उतारा शोधायची गरज नाही, रविवारचाच घ्यावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: यात काय सांगितलंय, आपल्याला कुठे अडतं, या आठवड्यात मी नेमकं काय करणार. पुढच्या वेळी सुरुवात या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापासून. नेता चाळीसपैकी दहा-बारा मिनिटांहून जास्त बोलला तर ते प्रवचनच. शांतता पडली की ती भरून काढायची घाई त्यालाच होते, तिथेच त्याने आवरायला हवं. माईक तर नकोच. फ्लॅटमध्ये बारा जणांना माईक कशाला, आणि भिंतीपलीकडच्या काकूंनी काय पाप केलंय?

खाण्याचं हसण्यावारी नेऊ नका. एका घरी पोहे, दुसऱ्या घरी पावभाजी, तिसऱ्या घरी बिर्याणी, की चौथ्या घरची बाई 'आमच्याकडे जागा कमी पडते' म्हणते. जागेचा तिथे प्रश्नच नसतो. चहा-बिस्किट, बस, आणि हा नियम पैसेवाल्यांच्या घरापासून लागू करायचा.

शेजाराचा प्रश्न नाशिकमध्ये वेगळा आहे. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा मंडळी आणि मोहल्ला एकच होते. आता माणसं देवळालीपासून म्हसरूळपर्यंत पांगलीत. गट आडनावांवर किंवा ओळखींवर पाडले, तर जेल रोडचा माणूस सातपूरला जातो आणि पावसाळ्यात यायचा थांबतो. चालत दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येईल असाच गट करावा. वार ठरवण्याआधी पाळ्या विचाराव्यात. सातपूर-अंबडमध्ये तीन पाळ्यांत फिरणारा कामगार ठरलेल्या बुधवारी तीनातून एकदा तरी चुकणारच, आणि आपण त्याला विश्वासात थंड पडलेला ठरवून मोकळे होतो.

ओझी वाहायची तर ती बाहेर सांडता कामा नयेत. प्रार्थनेची विनंती नावासकट व्हॉट्सअॅपवर गेली, की पुढच्या वेळी सगळे फक्त परीक्षेसाठी आणि प्रवासासाठी प्रार्थना मागतात. याला अपवाद आहे: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गुप्तता नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी पाळकांशी बोलू, मग बघू' चालत नाही. मुलांना वेगळ्या खोलीत बसवायचं असेल, तर सोबत दोन मोठी माणसं हवीत, एक नव्हे.

पैशांचं थोडक्यात: गटात वर्गणी नाही, भिशी नाही, उसनवारी नाही. दान मंडळीच्या पावतीवर. आपले लोक दक्षिण कोरियाचे पाळक योंगी चो यांचं उदाहरण सारखं देतात. 1964 मध्ये ते कामाच्या ताणाने कोसळले आणि त्यांनी घरोघरचे गट बहुतांशी स्त्रियांच्या हाती सोपवले, हे खरं. 2014 मध्ये मंडळीच्या पैशांच्या प्रकरणात विश्वासभंगाबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, हेही खरं. पहिलं शिकायचं तर दुसरंही शिका. गंमत म्हणजे मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीचे बारा-बारांचे वर्ग 1742 मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते कर्ज फेडायलाच, आठवड्याला माणशी एक पेनी. पैसे गोळा करायला घरोघर गेलेल्या पुढाऱ्यांना घरांतली खरी परिस्थिती दिसली आणि वसुलीतून पालकत्व जन्मलं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते गटातून गट करताना. संख्या पंधरा झाली, पाळकांनी रविवारी यादी वाचली, आणि लोकांना ती वाटणी वाटते. घर फुटल्यासारखं रडतात, आणि त्यात चूक त्यांची नसते. नवा गट निघणार हे पहिल्याच बैठकीत सांगायचं. उपनेता पहिल्या दिवसापासून हवा, आणि दर महिन्याला निदान एक बैठक त्यानेच चालवायची. तीन महिने आधी गाणी आणि चहा एकत्र ठेवून वचनापुरतं दोन खोल्यांत बसायचं. शेवटच्या महिन्यात तीन आठवडे वेगळं, एक आठवडा एकत्र. कोण कुणाकडे जाणार, ते माणसांनाच ठरवू द्यावं. जुना नेता स्वतः नव्या गटात गेला तर फार उत्तम, पण ते क्वचितच घडतं.

आणि गटांवर वरून लक्ष ठेवणारं कोणीतरी हवं. बायबलच्या निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रो मोशेला हजार, शंभर, पन्नास आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. आपण दहांवरचे नेमतो आणि पन्नासांवरचे विसरतो. पाच नेत्यांमागे एक अनुभवी माणूस असावा आणि त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक गटात नुसतं मागे बसावं. तिथे त्याने प्रवचन दिलं की नेता आठवडाभर लहान होतो.

वर्षभर नवा माणूस आला नाही, उपनेता उभा राहिला नाही, तर तो गट सन्मानाने बंद करावा, शेवटी एकत्र जेवावं आणि माणसं शेजारच्या दोन गटांत सोडावीत. असे गट आपल्याकडे दहा-दहा वर्षं चालतात, कारण बंद करायचं पाळकांच्या अहवालात शोभत नाही.